इकॉनॉमीतल्या प्रवाशाने माइल्स कुठे जमवावेत?

काकूंच्या पासपोर्टच्या पाकिटात रबरबँड लावलेली चार कार्डं होती. जुन्या एटीएम कार्डासारखी, दोनांवरचं नाव पुसट झालेलं. मुलगा शिकागोला असल्याने गेल्या अकरा वर्षांत काकू पाच वेळा जाऊन आल्या. दरवेळी ज्याचं तिकीट स्वस्त त्या विमानाने गेल्या आणि दरवेळी कुणीतरी सांगितलं म्हणून त्या कंपनीचा मेंबर नंबर काढत गेल्या. परवा दिवाळीत ती कार्डं माझ्यापुढे टाकून म्हणाल्या, "बघ रे, यातून एखादं फुकट तिकीट निघतंय का. एवढी विमानं झिजवली मी."

रात्री बसून चारही खाती उघडली. पासवर्ड अर्थातच कुणाला आठवत नव्हते, त्यात तासभर गेला. दोन खाती शून्यावर होती, माइल्स, म्हणजे प्रवासाबद्दल विमान कंपनी मेंबरच्या खात्यात टाकते ते पॉइंट, मुदत संपून कधीच उडाले होते. तिसऱ्यात सहा हजार उरले होते, तेही त्या महिन्याअखेर जाणार होते. चौथ्यात साडेचार हजार. मुंबई ते शिकागो युरोपमार्गे साधारण ८,४०० मैल पडतं. पाच वेळा जाऊन-येऊन ८४ हजार मैल, म्हणजे पृथ्वीला तीनहून जास्त प्रदक्षिणा. हाती काय, तर मुंबई-गोव्याचं तिकीटही निघणार नाही इतकंच.

काकूंनी काही वेडेपणा केला नव्हता. आपल्यातले बहुतेक लोक असंच करतात. म्हणून त्या रात्री त्यांच्यासाठी जे खरडलं, तेच इथे नीट मांडतो आहे. हे इकॉनॉमीत बसणाऱ्यांसाठी आहे. वर्षाला एक-दोन मोठे प्रवास, तिकीट स्वतःच्या खिशातून, आणि तिकीट काढताना सगळ्यात आधी भाव बघणारे जे आपण, त्यांच्यासाठी. बिझनेस क्लासवाल्यांचं गणित निराळं आहे, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

आधी हे प्रकरण आपल्यासाठी काढलेलंच नाही, हे लक्षात घ्या

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात आपला 'ॲडव्हांटेज' हा माइल्स देणारा प्रोग्रॅम काढला आणि काही दिवसांतच युनायटेडने आपला काढला. हेतू सरळ होता. ज्यांची तिकिटं ऑफिस काढतं, त्या माणसांनी पुन्हा आपल्याच विमानात बसावं. तेव्हा जितके मैल उडालात तितके माइल्स, असा हिशोब होता. त्यात स्वस्त तिकिटावर लांब जाणाऱ्याचं फावायचं.

पुढे कंपन्यांच्या ते लक्षात आलं. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड, २०१६ मध्ये अमेरिकन, अशा तिघी अंतर सोडून तिकिटाच्या पैशांवर माइल्स द्यायला लागल्या. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये तेच केलं. आपल्या एअर इंडियानेही २०२४ मध्ये रचना बदलून खर्चावर पॉइंट देणं सुरू केलं, आणि २०२५ मध्ये 'फ्लाइंग रिटर्न्स'चं नाव 'महाराजा क्लब' झालं. थोडक्यात, स्वस्त तिकीटवाल्याला आता पूर्वीपेक्षा कमी मिळतं.

मग करायचंच कशाला? कारण प्रवास आपण तसाही करणारच आहोत, नंबर टाकायला पैसे पडत नाहीत, आणि योग्य खात्यात साठत गेलं तर चार-पाच वर्षांनी एक तिकीट खरोखर निघतं. फक्त एक पथ्य पाळायचं: माइल्ससाठी महागडं तिकीट घ्यायचं नाही. तीन हजार रुपये जास्त भरून दोन हजार माइल्स मिळवणारे लोक मी पाहिले आहेत. चांगले शिकलेले असतात.

पहिली पायरी: कागद घ्या, गेल्या दोन वर्षांची तिकिटं लिहा

प्रोग्रॅमांची तुलना करणारे तक्ते बाजूला ठेवा. आधी आपण कुठे जातो ते बघा. गेल्या दोन वर्षांतले आणि येत्या दोन वर्षांत नक्की होणारे प्रवास एका कागदावर उतरवा: कुठून कुठे, कुठल्या कंपनीने, तिकीट कितीचं, कुणी काढलं.

हा कागद समोर आला की बरीच घरं चारांपैकी एका गटात पडतात. पुणे-दिल्ली, मुंबई-बंगळुरू असं देशातच फिरणारे एक. दर वर्षा-दोन वर्षांनी अमेरिका, कॅनडा किंवा युरोपात मुलांकडे जाणारे आई-वडील दुसरे. आखातात नोकरी असलेले, वर्षाला दोनदा घरी येणारे तिसरे. आणि वर्षाकाठी एखादी थायलंड-सिंगापूर-व्हिएतनाम सहल करणारे चौथे.

टूर कंपनीबरोबर जात असाल तर तो प्रवास या कागदावर लिहू नका. ग्रुपच्या तिकिटांवर बहुतेक वेळा माइल्स मिळतच नाहीत. टूर लीडरला विचारून त्याचं डोकं खाण्यात अर्थ नसतो, बिचाऱ्याच्या हातात काही नसतं.

दुसरी पायरी: कंपनी बघू नका, गोतावळा बघा

इथे बहुतेकांची गाडी अडते. ज्या विमानात बसलो त्याच कंपनीच्या खात्यात माइल्स जमा करावे लागतात, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. विमान कंपन्यांची तीन मोठी कुळं आहेत आणि कुळातल्या एकीचा नंबर काढला की बाकीच्यांच्या विमानातले माइल्सही बहुतेक वेळा त्याच खात्यात येतात.

'स्टार अलायन्स' सगळ्यात जुनी, १९९७ ची. एअर इंडिया त्यात २०१४ च्या जुलैमध्ये गेली. लुफ्तान्सा, स्विस, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश, थाय, इथिओपियन, युनायटेड, एअर कॅनडा ही सगळी त्याच घरातली. 'वनवर्ल्ड' १९९९ ची. त्यात ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे पॅसिफिक, मलेशिया, श्रीलंकन, अमेरिकन आणि २०२५ पासून ओमान एअर. 'स्कायटीम' २००० ची, तिच्यात एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा, व्हर्जिन अटलांटिक, व्हिएतनाम एअरलाइन्स वगैरे. एमिरेट्स, एतिहाद आणि आपली इंडिगो या तिन्हींच्या बाहेर आहेत. त्यांचे स्वतंत्र भागीदार आहेत, पण कुळ नाही.

काकू एकदा लुफ्तान्साने, एकदा एअर इंडियाने, एकदा टर्किशने गेल्या असत्या तर तिन्ही वेळा एकच नंबर टाकून एकाच खात्यात माइल्स आणता आले असते. हे एवढंच त्यांना कुणी अकरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तेव्हा तुमच्या कागदावरच्या प्रवासांपुढे स्टार, वनवर्ल्ड, स्कायटीम किंवा 'बाहेरची' असं लिहा. ज्याच्या खुणा सर्वांत जास्त, ते तुमचं घर. एका फ्लाइटवर एकच नंबर चालतो, दोन खात्यांत वाटून मिळत नाही.

ही नातीही कायमची नसतात, बरं का. स्कँडिनेव्हियाची एसएएस ही स्टारच्या संस्थापक पाच कंपन्यांपैकी एक, पण २०२४ च्या सप्टेंबरात ती स्कायटीममध्ये निघून गेली.

तिसरी पायरी: तिकिटावरचं ते एक अक्षर शोधा

ई-तिकिटाचा पीडीएफ उघडा. फ्लाइट नंबर, तारीख, वेळ यांच्या आसपास 'क्लास' असं लिहून पुढे एकच इंग्रजी अक्षर असतं. वाय, बी, एम, एच, के, एल, टी, व्ही असं काहीतरी. कधी 'इकॉनॉमी' या शब्दाला चिकटून असतं, कधी 'फेअर बेसिस' नावाच्या लांबलचक सांकेतिक शब्दाचं पहिलं अक्षर म्हणून असतं. ऑनलाइन तिकीट काढताना पैसे भरायच्या आधी 'फेअर डिटेल्स'वर बोट ठेवलं तर बहुतेक ठिकाणी दिसतं.

शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांच्या इकॉनॉमीत हे अक्षर वेगळं असू शकतं. वाय म्हणजे साधारणपणे पुऱ्या भावाचं इकॉनॉमी तिकीट. तळाची सवलतीची अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगवेगळी. तुमच्या अक्षराला अंतराच्या शंभर टक्के मिळतील, पन्नास टक्के, पंचवीस टक्के की भोपळा, हे या एका अक्षरावर ठरतं. अगदी तळाच्या अक्षरांना काही प्रोग्रॅम खरोखरच काही देत नाहीत.

आता यातली खोच. टक्केवारीचा तक्ता बघायचा तो ज्या प्रोग्रॅममध्ये माइल्स जमा करायचेत त्याच्या वेबसाइटवर, तिथल्या भागीदार कंपन्यांच्या यादीत. ज्या विमानात बसणार त्या कंपनीच्या पानावर नव्हे. समजा तुम्ही लुफ्तान्साने जाणार आणि नंबर युनायटेडचा टाकणार, तर युनायटेडच्या साइटवर लुफ्तान्साचं पान उघडायचं. एकाच अक्षराला एक प्रोग्रॅम पन्नास टक्के देतो आणि दुसरा पंचवीस. हे पान काढायला पाच मिनिटं लागतात, आणि या सगळ्या खटाटोपातली सर्वांत कमाईची पाच मिनिटं हीच.

कोडशेअरकडेही लक्ष असू द्या. तिकिटावर नंबर एका कंपनीचा असतो आणि बारीक अक्षरांत 'ऑपरेटेड बाय' म्हणून दुसरीच कंपनी असते. कुळाबाहेरची कंपनी विमान चालवत असेल तर माइल्स मिळतीलच असं नाही.

चौथी पायरी: पैशांवर की अंतरावर, एक हिशोब मांडा

काकूंच्या मार्गाचंच उदाहरण घेऊ. मुंबई-फ्रँकफर्ट सुमारे ४,०८० मैल, फ्रँकफर्ट-शिकागो सुमारे ४,३३०. जाऊन-येऊन १६,८०० च्या घरात. अक्षराला पंचवीस टक्के असतील तर ४,२०० माइल्स, पन्नास टक्के असतील तर ८,४००. तिकीट ७० हजारांचं असो की सव्वा लाखाचं, अक्षर तेच असेल तर आकडा बदलत नाही.

खर्चावर देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये याच प्रवासाचे पॉइंट तुमच्या मूळ भाड्यावर मिळतात. विमानतळाचे आणि सरकारी कर त्यातून वजा होतात. ९० हजारांच्या तिकिटात कर २५ हजार असतील तर पॉइंट ६५ हजारांवर.

यातून सरळ नियम निघतो. लांबचं पण स्वस्त तिकीट असेल तर अंतरावर देणारा प्रोग्रॅम बरा. जवळचं पण महाग तिकीट, म्हणजे गणपतीत शेवटच्या क्षणी काढलेलं मुंबई-गोवा, तिथे खर्चावर देणारा बरा. आणि गंमत अशी की खर्चावर देणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी बरेचसे भागीदार कंपन्यांच्या विमानांवर मात्र अजूनही अंतर आणि अक्षर बघूनच देतात. युनायटेडचंच घ्या. तिकीट युनायटेडने काढलेलं असेल तर पैशांवर, भागीदार कंपनीने काढलेलं असेल तर अंतरावर.

तिकीट कुणी काढलं ते कसं ओळखायचं? ई-तिकिटावर तेरा आकडी नंबर असतो, त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे. ०१६ म्हणजे युनायटेड, ०९८ एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, १५७ कतार, २२० लुफ्तान्सा, ६१८ सिंगापूर, १२५ ब्रिटिश एअरवेज. पीएनआर वेगळा आणि हा नंबर वेगळा. हा जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

पाचवी पायरी, आणि माझ्या मते खरी: माइल्स मरतात कधी?

लोक किती मिळतात ते बघतात. इकॉनॉमीवाल्याने आधी किती दिवस जगतात ते बघावं. महिन्याला चार वेळा उडणाऱ्याला मुदतीचं काही वाटत नाही, त्याचे वर्षात जमतात आणि वर्षात संपतात. आपले चार-पाच वर्षांत थेंबे थेंबे जमणार. तळं साचायच्या आत पहिला थेंब आटला तर काय उपयोग? काकूंचं नेमकं हेच झालं.

मुदतीचे तीन प्रकार आहेत.

पहिला, जन्मतारखेवरून मरणतारीख ठरलेली. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिने जगतात. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्सचे तीन वर्षं, आणि तुमचा जन्ममहिना संपताना जातात. लुफ्तान्साच्या 'माइल्स अँड मोअर'मध्ये साध्या मेंबरचे ३६ महिने. मधे तुम्ही दहा वेळा उडालात तरी जुने माइल्स आपल्या तारखेला जातातच.

दुसरा, खातं हलतं ठेवलं की जगणारे. 'एव्हिओस' हे चलन ब्रिटिश एअरवेज, कतार, आयबेरिया, फिनएअर वगैरे कंपन्या मिळून वापरतात. त्यात ३६ महिन्यांत एकदा काहीतरी जमा झालं किंवा खर्च झालं की सगळ्या शिलकीची मुदत पुढे सरकते. अमेरिकनमध्ये २४ महिने, एअर कॅनडाच्या एरोप्लॅनमध्ये १८.

तिसरा, न मरणारे. डेल्टाचे माइल्स अशा प्रकारचे आहेत, आणि युनायटेडचेही २०१९ पासून.

वर्षाला दोनदा मोठा प्रवास असेल तर पहिला प्रकारही चालतो. दोन वर्षांतून एकदा असेल तर डोळे मिटून दुसरा किंवा तिसरा निवडा, मग मिळताना थोडे कमी मिळाले तरी चालेल. माझे स्वतःचे एका परदेशी कंपनीकडचे अकरा हजार माइल्स एकतीस तारखेच्या रात्री गेले. आठवण करून देणारी मेल आली होती, 'प्रमोशन्स'च्या टॅबमध्ये, साड्यांच्या सेलच्या खाली.

न मरणारे माइल्सही कंपनी मेली की मरतात. किंगफिशर २०१२ मध्ये वनवर्ल्डमध्ये जाणार होती, ते बारगळलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमानं थांबली. लोकांचे पॉइंट तिथेच राहिले. जेट एअरवेज २०१९ च्या एप्रिलमध्ये बंद पडली, पण तिचा 'जेटप्रिव्हिलेज' वेगळ्या कंपनीकडे होता म्हणून तो 'इंटरमाइल्स' नावाने पुढे चालू राहिला. हे फिक्स डिपॉझिट नाही, व्याज तर मिळत नाहीच. उलट कंपन्या अधूनमधून तिकिटाचा माइल्समधला भाव वाढवतात. एका तिकिटापुरते जमले की वापरून मोकळं व्हावं.

सहावी पायरी: खर्च कुठे करणार, ते आत्ताच ठरवा

खातं उघडायच्या आधी त्या प्रोग्रॅमच्या साइटवर जाऊन माइल्सवरचं एक तिकीट खोटंखोटं काढून बघा. तुम्हाला हवा तो मार्ग, आठ-दहा महिने पुढची तारीख. पैसे भरायच्या पानापर्यंत जा आणि दोन आकडे टिपून घ्या: माइल्स किती आणि वर रोख किती.

तो रोख आकडा बघून पुष्कळांचे डोळे उघडतात. 'फुकट' तिकिटावर सरकारी कर तर द्यावे लागतातच, पण काही कंपन्या वर इंधन अधिभारही लावतात. ब्रिटिश एअरवेज, लुफ्तान्सा, एमिरेट्स यात दणदणीत आकडे निघू शकतात. सिंगापूर आपल्या स्वतःच्या विमानांवरच्या माइल्स-तिकिटाला हा अधिभार लावत नाही आणि युनायटेडच्या माइल्सवर काढलेल्या तिकिटालाही तो पडत नाही.

मग साधी वजाबाकी-भागाकार करा. तेच तिकीट रोखीने ३० हजारांना आहे, आणि माइल्सने २० हजार माइल्स अधिक ९ हजार रुपयांना. म्हणजे २० हजार माइल्सनी तुमचे २१ हजार वाचवले, एका माइलला एक रुपया पाच पैसे. आता त्याच साइटवरच्या 'शॉप'मध्ये जाऊन ट्रॉली बॅग किंवा हेडफोन किती माइल्सना मिळतात ते बघा आणि त्यांच्या बाजारभावाला तेवढ्या माइल्सनी भागा. बहुतेक वेळा पैशांत उत्तर येतं, रुपयात नाही. मुदत संपतच आली असेल आणि दुसरा काही उपाय नसेल तेव्हाच बॅग घ्यावी.

इकॉनॉमीवाल्यांचं लाडकं स्वप्न म्हणजे माइल्सवर बिझनेस क्लासला अपग्रेड. त्यातही ते अक्षर आडवं येतं. सवलतीच्या तळाच्या तिकिटांना माइल्सवर अपग्रेड करू देत नाहीत, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. स्वस्त तिकीट काढायचं आणि मग माइल्स टाकून पुढे जाऊन बसायचं, हे सहसा जमत नाही.

घरातल्या सगळ्यांचे माइल्स एकत्र करता येतात का, हेही इथेच तपासा. नवरा-बायको आणि दोन मुलं एकदा आखातात जाऊन आली तर चार खात्यांत चार चिमट्या पडतात. एमिरेट्स आणि कतार यांच्याकडे कुटुंबाचं सामाईक खातं करता येतं. सिंगापूरमध्ये एकत्र करता येत नाहीत, पण तुम्ही पाच माणसं नॉमिनी म्हणून नोंदवून त्यांच्यासाठी आपल्या माइल्सवर तिकीट काढू शकता. चौघांच्या घराला ही सोय दहा-वीस टक्के जास्त माइल्सपेक्षा मोलाची आहे.

सिल्व्हर, गोल्ड वगैरेचं काय?

जास्त उडणाऱ्या मेंबरांना कंपनी देते ते हे दर्जे. बहुतेकांनी सोडून द्यावं. स्टार अलायन्समध्ये गोल्ड असेल तर इकॉनॉमीच्या तिकिटावरही लाउंज, चेक-इनला प्राधान्य आणि जादा सामान मिळतं: जिथे वजनाचा हिशोब तिथे २० किलो, जिथे नगांचा तिथे एक बॅग. भडंग, लोणची आणि दिवाळीचा फराळ घेऊन जाणाऱ्या आईला ती बॅग म्हणजे वरदान, हे मान्य. पण गोल्ड व्हायला वर्षभरात जेवढं उडावं लागतं किंवा जेवढा खर्च करावा लागतो, तेवढा दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्याला जमणं शक्य नाही. आणि स्टारचं सिल्व्हर म्हणजे जवळजवळ नुसती शोभा, वेटिंग लिस्टवर थोडं वर सरकवतात इतकंच.

अपवाद एकच, तिकीट ऑफिस काढतं तो. प्रोजेक्टसाठी दर महिन्याला जाणारी आयटीवाली मंडळी, आणि जहाजावर नोकरी करणारे. रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत घरटी एखादा शिपी असतो. त्यांची तिकिटं एजन्सी काढते आणि मेंबर नंबर कुणी टाकत नाही. चेक-इनच्या काउंटरवर स्वतः सांगायचा. त्या तिकिटाच्या अक्षराला माइल्स आहेत की नाहीत ते नंतर कळेल, सांगायला काही पडत नाही.

तर मग कुठे?

देशातल्या देशात फिरणाऱ्यांनी फार विचार करू नये. ज्या कंपनीचं विमान तुमच्या गावाहून तुमच्या वेळेला सुटतं तिचा नंबर काढावा. इंडिगोचा 'ब्लूचिप' किंवा एअर इंडियाचा 'महाराजा क्लब', जे कागदावर जास्त दिसेल ते.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांना मी स्टारमधला युनायटेडचा नंबर सुचवतो. माइल्स मरत नाहीत, एअर इंडिया, लुफ्तान्सा, स्विस, टर्किश कशानेही गेले तरी टाकता येतो, आणि शिकागोहून नायगाऱ्याला किंवा बहिणीकडे ह्यूस्टनला जायचं तिकीट त्यातून काढता येतं. अक्षराचा तक्ता मात्र दरवेळी बघायचा. दोहा किंवा लंडनमार्गे जाणं होत असेल तर एव्हिओस.

आखातातल्यांनी एमिरेट्सने जात असाल तर स्कायवर्ड्सचं कुटुंबाचं खातं उघडा आणि मुदत संपायच्या आत वापरा. वर्षातून दोनदा येणाऱ्याला तीन वर्षं पुरतात. पूर्वेकडे सहली करणाऱ्यांनी आधी त्या सहली कुठल्या कंपनीने होतात ते बघावं. स्वस्तातल्या कंपन्यांनीच जात असाल तर हा सगळा लेख विसरून मजा करा.

क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमानाच्या माइल्समध्ये बदलता येतात, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. एक गोष्ट मात्र आत्ताच ध्यानात ठेवा: एकदा तिकडे पाठवलेले पॉइंट परत येत नाहीत. म्हणून तिकीट समोर दिसत असेल, जागा आहे याची खात्री झाली असेल, तेव्हाच पाठवायचे.

शेवटची पायरी: नाव, नंबर आणि कागद

खातं उघडताना नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे घोळ होतो तो मधल्या नावाचा. पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं असतात. खातं उघडताना आपण नुसतं नाव-आडनाव टाकतो, आणि तिकिटावर दोन्ही नावं जोडून एकच लांब शब्द छापलेला असतो. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. लग्नानंतर पासपोर्ट बदललेल्यांनी जुन्या खात्यातलं नाव आधी बदलून घ्यावं, तिकीट काढल्यावर नाही.

नंबर तिकीट काढतानाच टाका. राहिला तर वेब चेक-इनला, तेव्हाही राहिला तर काउंटरवर. बोर्डिंग पासवर तो छापून आला आहे ना, हे तिथेच उभं राहून बघा. आणि परत घरी येऊन माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. फोनवर असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, प्रवास झाल्यावर तो ॲपमधून गायब होतो. माइल्स आले नाहीत तर 'मिसिंग माइल्स' किंवा 'रेट्रो क्लेम' नावाचा फॉर्म भरायचा, त्यात तो तेरा आकडी तिकीट नंबर मागतात. यालाही मुदत असते, बऱ्याच ठिकाणी सहा महिने ते वर्ष. आणि खातं उघडायच्या आधीचे प्रवास बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, तेव्हा खातं आधी, प्रवास मग.

काकूंचं चौथं खातं हलतं ठेवलं की जगणारं निघालं, म्हणून तेच ठेवायचं ठरवलं. तिसऱ्यातल्या सहा हजारांची त्याच आठवड्यात दोन मासिकांची वर्गणी भरली, दुसरं काही येत नव्हतं. मग आठवलं की चार महिन्यांपूर्वी त्या परत आल्या तो प्रवास चौथ्या खात्याच्या भागीदार कंपनीचा होता आणि सुनेने तिकीट काढताना नंबर टाकलाच नव्हता. बोर्डिंग पास? काकूंनी त्यांची भाजीच्या हिशोबाच्या वहीत खूण म्हणून घडी घालून ठेवली होती, चारही.

फॉर्म भरला, तीन दिवसांत नकार आला: नाव जुळत नाही. खात्यात काकांचं नाव नव्हतं, तिकिटावर होतं. पासपोर्टचा फोटो जोडून पुन्हा पाठवलं. नऊ दिवसांनी सकाळी काकूंचा फोन आला. "अरे, आठ हजार चारशे आलेत. पण काकांचं नाव घातल्यावर आले हो, बघ."